‘स्त्रीमुक्तीनं बायका दुःखी केल्या’: त्या संशोधनात नेमकं काय आहे?

‘अमेरिकेतल्या संशोधनानं सिद्ध झालंय. बायका कमवायला लागल्या, घटस्फोट घ्यायला लागल्या आणि दुःखी झाल्या. आधीच्या पिढीतल्या गृहिणी जास्त सुखी होत्या.’ अशा आशयाचा मजकूर दर काही महिन्यांनी नव्यानं फिरतो. त्यामागचा अभ्यास खरा आहे. बेट्सी स्टीव्हनसन आणि जस्टिन वुल्फर्स या अर्थतज्ज्ञांचा तो निबंध २००९ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकी स्त्रियांनी स्वतः सांगितलेलं सुख १९७०च्या दशकापासून घटलं, पुरुषांच्या तुलनेतही घटलं, हे त्यात स्पष्ट लिहिलंय आणि ते नाकारायचं कारण नाही. पण या घसरणीचं खापर स्त्रीमुक्तीवर फोडलंय ते मजकूर फिरवणाऱ्यांनी. निबंधाच्या लेखकांनी अनेक शक्यता तपासल्या आणि एकही कारण सिद्ध झाल्याचं म्हटलं नाही.

‘आधीच्या गृहिणी जास्त सुखी होत्या.’ निबंधाचा मुख्य आधार आहे जनरल सोशल सर्व्हे, म्हणजे अमेरिकी लोकांना प्रश्न विचारून केलेलं सर्वेक्षण. ते सुरूच झालं १९७२ साली. तेव्हा स्त्री चळवळ ऐन भरात होती. म्हणजे आलेखावरचा ‘सुखी’ काळ चळवळीच्या आधीचा नाही, चळवळीचाच आहे. १९५०च्या दशकातल्या गृहिणीला या सर्वेक्षणानं काही विचारलेलंच नाही.

‘कमावत्या झाल्या म्हणून दुःखी झाल्या.’ हे खरं असतं, तर नोकरी करणाऱ्यांचं सुख घटलं असतं आणि घरी राहणाऱ्यांचं टिकलं असतं. घसरण दोन्हीकडे दिसते. विवाहित आणि अविवाहित, मूल असलेल्या आणि नसलेल्या, कमी शिकलेल्या आणि पदवीधर, सगळ्यांत थोड्याफार फरकानं तीच. जिनं नवी वाट धरली आणि जिनं धरली नाही, दोघींचं सुख घटत असेल, तर दोष त्या वाटेला कसा देणार? ठळक अपवाद आहे कृष्णवर्णीय स्त्रियांचा. त्यांचं सुख याच काळात वाढलं. घराबाहेर कमावण्याचं त्यांचं प्रमाण तर आधीपासूनच गोऱ्या स्त्रियांहून जास्त होतं.

‘दुहेरी भारानं कंबर मोडली.’ हा तर्क सहानुभूतीतून येतो, पण वेळेच्या नोंदी त्याला साथ देत नाहीत. १९६५ ते २००३ या काळात अमेरिकी स्त्रियांचे नोकरीचे तास वाढले, घरकामाचे त्याहून जास्त घटले. घराचं सगळं लक्षात ठेवण्याचा ताण मात्र तासांत मोजला जात नाही, हेही खरं.

आता ‘सुख’ मोजलं कसं ते पाहू. प्रश्न साधारण असा आहे: सगळं मिळून सध्या कसं चाललंय? खूप सुखी, बऱ्यापैकी सुखी, की फारसं सुखी नाही? उत्तरं तीनच. त्यांतलं अंतर किती, हे कुणालाच ठाऊक नाही. सरासरी काढायची म्हणजे ते अंतर गृहीत धरावं लागतं. टिमोथी बाँड आणि केव्हिन लँग या अर्थतज्ज्ञांनी २०१९ साली दाखवलं की हे गृहीतक बदललं, तर अशा अभ्यासांचे निष्कर्ष उलटूही शकतात. त्यांनी तपासलेल्या निष्कर्षांत स्त्रियांच्या घटत्या सुखाचाही होता. शिवाय आपली तुलना कुणाशी करायची, हेही त्या दशकांत बदललं. आईपेक्षा बरं चाललंय का, असं मनाशी विचारणारी स्त्री आणि शेजारच्या टेबलावरच्या पुरुषाइतका पगार मिळतो का, असं विचारणारी स्त्री एकाच प्रश्नाला वेगळ्या मापानं उत्तर देतात.

सर्वेक्षणातल्या उत्तरांपलीकडची नोंदही आहे. अमेरिकी स्त्रियांच्या आत्महत्येचा दर १९७० साली लाखामागे ७.४ होता, २००० साली ४.० झाला. (नंतर तो पुन्हा चढला.) सुख घटल्याचं सांगणाऱ्या दशकांतच ही घट झाली. निबंधाच्या लेखकांनाही ही विसंगती दिसली होती.

आणि घटस्फोट? त्यावर स्टीव्हनसन आणि वुल्फर्स यांचाच २००६चा अभ्यास आहे, तो मात्र कुणी पुढे पाठवत नाही. कॅलिफोर्नियात १ जानेवारी १९७० पासून जोडीदाराचा दोष सिद्ध न करता घटस्फोट मिळू लागला. जोडीदाराची संमती नसली तरी एकानं मागितला की घटस्फोट, असे कायदे पुढे बऱ्याच राज्यांनी केले, पण वेगवेगळ्या वर्षी. त्यामुळे कायदा बदललेल्या आणि न बदललेल्या राज्यांची तुलना करता आली. जिथं बदलला, तिथं स्त्रियांच्या आत्महत्या ८ ते १६ टक्के घटल्या, घरातली मारहाण सुमारे ३० टक्के घटली, जोडीदाराच्या हातून होणारे स्त्रियांचे खून १० टक्के घटले. ज्यांनी घटस्फोट घेतला त्यांच्यापुरताच हा परिणाम असेल असं नाही. बायको कायद्यानं निघून जाऊ शकते, हे कळल्यावर टिकलेल्या संसारातही मारणाऱ्याचा हात आवरला जातो, असं या दोघांचं स्पष्टीकरण आहे.