वडापाव उणे वीस रुपये

काल रात्री माझी जी शोभा झाली ती एका वडापावमुळे, आणि तो खायलासुद्धा मिळाला नाही. कन्या नववीत, सेमी इंग्लिश. गणित असं की २ वडापाव नि १ चहा ५० रुपये, ३ वडापाव नि २ चहा ८० रुपये, एकेकाची किंमत काढा, आणि तीही सबस्टिट्यूशननेच, म्हणजे एका समीकरणातून वाय काढून तो दुसऱ्यात घालायचा. आमच्या वेळी असल्या जोडीच्या समीकरणांना एकसामयिक समीकरणं म्हणायचे, नावानेच घाम फुटायचा.

वडापाव एक्स, चहा वाय. पहिल्यातून वाय म्हणजे ५० वजा २ एक्स, आणि हे मी मोठ्या तोऱ्यात परत पहिल्यातच घातलं. एक्स गायब. उरलं ५० बरोबर ५०. "बाबा, एवढं मलाही येतं."

मग दुसऱ्यात घातलं: ३ एक्स अधिक २ (५० वजा २ एक्स) बरोबर ८०. कंसाबाहेरच्या २ ने ५० ला गुणलं, २ एक्सला गुणायचं राहिलं. वडापाव उणे २०, चहा ९०. ताळा पहिल्या समीकरणात केला, चोख बसला! (बसणारच, वाय तिथूनच तर काढलेला, ताळा दुसऱ्यात करायचा असतो हे मला आज बसमध्ये सुचलं.)

नेमके तेव्हाच शेजारचे काका विरजण मागायला आले. वहीत डोकावले.

"उणे वीस? म्हणजे वडापाव घेतला की तोच वीस रुपये देणार?"

"तसं नाही हो काका..."

"कुठंय ही गाडी?"

"अहो गणित आहे ते."

"चहा नव्वद! चहात वसूल करतोय लेकाचा. आपण चहा घ्यायचाच नाही. पाच वडे घेतले की शंभर सुटले." मग वाटी टेबलावर ठेवून म्हणाले, "ऐंशीतून पन्नास गेले, तीस. म्हणजे एक वडा एक चहा तीसला. पन्नासातून ते तीस काढ, राहिला एक वडा. वीस. चहा दहा. झालं."

पेन्सिलसुद्धा लागली नाही त्यांना. आणि कन्या माझ्याकडे अशी बघत होती की जणू क्लासची फी मी स्वतःच्या शिकवणीला भरतोय.

बरं, काकांचं उत्तर वहीत लिहिलं तर मार्क शून्य, कारण पद्धत सबस्टिट्यूशनची हवी. अरे वडापाववाला कधी विचारतो का कुठल्या पद्धतीने पैसे देताय म्हणून? बरं, कंसाला का गुणायचं हे मला तेव्हाही कोणी सांगितलं नव्हतं, फक्त हातावर पट्टी मारली होती.

आज सकाळी गेटवर वॉचमन हसत म्हणाला, "साहेब, ती गाडी कुठं लागते?"

विरजणाची वाटी अजून आली नाहीये.