कांद्याला कशाला बदनाम करता?

'कांद्यावरची काळी भुकटी आणि फ्रिजच्या रबरावरचा काळा थर पोटात गेला की काळी बुरशी होते. तुरटी, हळद, सैंधव मोहरीच्या तेलात कालवून घ्या, उतरते.' 2021च्या उन्हाळ्यातला हा मेसेज नागपूरच्या ग्रुपांवर अजूनही डोकं वर काढतो.

कळमना बाजारातल्या कांद्यावरची भुकटी बहुधा अ‍ॅस्परजिलस नायजर या बुरशीची. म्युकरमायकोसिस, म्हणजे 'काळी बुरशी' हा आजार, करणारी ऱ्हायझोपस वगैरे बुरशांची मंडळी वेगळी. ती रक्तवाहिनीत घुसते, गुठळी होते, पुढचं मांस रक्ताविना मरतं; काळा रंग त्या मेलेल्या मांसाचा. कांदा धुऊन सोला, रबर पुसा, विषय संपला.

ऱ्हायझोपसचे बीजाणू धुळीत असतातच, आपण सगळे ते श्वासातून घेतो. पांढऱ्या पेशी त्यांचा निकाल लावतात. रक्तातली साखर बेसुमार वाढली, आम्ल साचलं, की त्या पेशी ढेपाळतात आणि बुरशीला हवं ते लोह मोकळं मिळतं. स्टेरॉइड, केमो, अवयव प्रत्यारोपणाची औषधं हीही कारणं. सकाळी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड घेणाऱ्याची उपाशीपोटीची साखर बरेचदा ठीक दिसते आणि दुपारनंतर चढते. म्हणून जेवणानंतर दोन तासांनी आणि रात्रीच्या जेवणाआधीही मोजा. आणि हो, मार्चमध्ये कूलर काढून झाडायचं काम अशा माणसाला देऊ नका.

आता तेलाचं. मेलेल्या मांसात रक्तच पोचत नाही, तर शिरेतून दिलेलं औषधही तिथे पोचत नाही. तेल कुठून पोचणार? म्हणून सर्जन ताजं रक्त दिसेपर्यंत खरवडतात. जोडीला लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन हे शिरेतून द्यायचं बुरशीचं औषध, वजनाच्या किलोला रोज 5 मिग्रॅ. म्हणजे 60 किलोच्या माणसाला 300 मिग्रॅ, 50 मिग्रॅच्या सहा कुप्या. ते 5 टक्के डेक्स्ट्रोजमध्येच, म्हणजे साखरेच्या सलाईनमध्येच मिसळतात. बाटलीवरची 'साखर' वाचून नातेवाईक बिचकतात, पण मिठाच्या सलाईनमध्ये औषधाचा साका होतो. रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारं) आणि पोटॅशियम वारंवार तपासावं लागतं. फ्लुकोनॅझोल किंवा व्होरिकोनॅझोल ही बुरशीची दुसरी औषधं या बुरशीवर चालत नाहीत, तेव्हा दुकानातून गोळ्या आणून दिवस घालवू नका.

एका बाजूचा गाल सुजला किंवा बधिर झाला, नाकातून काळपट स्राव आला, वरचे दात हलू लागले, पापणी लोंबली, एकाचे दोन दिसू लागले, तर त्याच दिवशी नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयाचा कान-नाक-घसा विभाग गाठा. नुसत्या सीटी स्कॅनवर थांबू नका. नाकातला तुकडा काढून केओएच तपासणी (सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी पाहणं) होईल का, विचारा. रुंद, फितीसारखे, जवळपास बिनपडद्याचे तंतू दिसले की कल्चरची (प्रयोगशाळेत बुरशी वाढवून पाहण्याची) वाट न पाहता औषध सुरू करता येतं.