डोळ्यांतल्या रेघांचं तुमचं बरोबर आहे

नमस्कार. माझ्या फोटो स्टुडिओला दोन तारे दिलेत आणि लिहिलंत, "मार्टिन शोलरसारखा फोटो सांगितला होता, मिळाला तो आधार कार्डाचा. बायको म्हणाली, डोळ्यांत खडू घातला काय? वर मिशीचा गमसुद्धा पुसलेला नाही."

खडूचं खरं आहे. त्या रेघा मीच कॉम्प्युटरवर रंगवल्या.

शोलर हा चेहऱ्यांच्या क्लोज-अपसाठी ओळखला जाणारा फोटोग्राफर. तो चेहऱ्याच्या अगदी जवळ, दोन्ही बाजूंना ट्यूबलाइटचे उभे पॅनल लावतो. त्यांचंच प्रतिबिंब डोळ्यांत दोन उभ्या पट्ट्यांसारखं उमटतं, म्हणून ते डोळे मांजरासारखे दिसतात. लेन्स लांब, अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत येण्याचं छिद्र) उघडं. डोळे-ओठ शार्प, आणि कानापर्यंत जाता जाता सगळं धूसर. ही सगळी करामत शटर दाबण्याआधीची. एडिटिंगमध्ये फार तर रंग थोडे उतरवायचे, कातडीचा पोत जरा वर आणायचा.

तुम्ही आलात त्या संध्याकाळी फोंड्यात अवकाळी पाऊस. दहा मिनिटांत वीज गेली, इन्व्हर्टरवर एकच पॅनल टिकला. जत्रेच्या नाटकाचं पोस्टर तुम्हाला सकाळी छापायला द्यायचं होतं. तेव्हाच 'आज हा फोटो होणार नाही' म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, 'एडिटिंगमध्ये बघू.' मग झालं ते असं: नाकाची सावली सांगते उजेड एकाच बाजूचा, आणि डोळे सांगतात दोन बाजूंचा. वहिनींनी ते बरोबर पकडलं.

नकली मिशी चिकटवायच्या गमाचं मात्र मला पटत नाही. मेकअप उतरवून बसा, असं मी म्हटलं होतं. 'राजा मिशीशिवाय कसा दिसेल?' म्हणालात. हा लाइट रंध्रन् रंध्र दाखवतो, मग मिशीच्या कडेला सुकलेला गम कसा लपणार? तो पुसायचा तर भोवतालची कातडीही गुळगुळीत करावी लागते, आणि मग शोलरचं त्यात काय उरलं? खरं सांगायचं तर पोस्टरवरच्या राजाला ही स्टाइल नकोच. एक लाइट बाजूने, थोडा वरून, सावलीतल्या गालावर उजेडाचा छोटा त्रिकोण. रेम्ब्रांट लाइट म्हणतात तो. त्यात रुबाबही येतो आणि गमही फारसा दिसत नाही. हे त्या दिवशी सुचवलं नाही, ती चूकही माझीच.

एडिटिंगचे दीड हजार आज परत पाठवतो. फोटो पुन्हा काढायचा असेल तर फी नाही. नवीन यूपीएस घेतलाय, आता वीज गेली तरी दोन्ही पॅनल चालतील. सकाळी या, दाढी करून, मिशी पिशवीत ठेवून. आधी तुमचा साधा चेहरा काढू, मग राजाचा.