साहेबांना किती टक्के ठेवायचं?

साहेबांचा वाढदिवस आठ दिवसांवर आलाय, साताऱ्यात पोवई नाक्यावरची मोक्याची जागा हेरून झालीय, बारा शुभेच्छुकांचे बारा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर येऊन पडलेत. आता फ्लेक्सवाल्याच्या शेजारची प्लॅस्टिकची खुर्ची ओढा आणि ओपॅसिटी हा शब्द एकदाचा शिकून घ्या. राजकारणात ज्याला 'स्थान' म्हणतात, ते याच आकड्यावर ठरतं.

वरच्या गोष्टीनं मागची गोष्ट किती झाकली, त्याचं माप म्हणजे ओपॅसिटी. कोशात अपारदर्शकता. 'पारदर्शक कारभार' ही अक्षरंसुद्धा 100 टक्के अपारदर्शक ठेवावी लागतात, नाहीतर वाचता येत नाहीत. भौतिकशास्त्रवाले पडलेल्या प्रकाशाला आरपार गेलेल्या प्रकाशानं भागतात: निम्मा पार गेला तर ओपॅसिटी 2, शंभरातला एकच भाग गेला तर 100. तुम्हाला मात्र संगणकातली शून्य ते शंभर टक्क्यांची पट्टी पुरे.

पहिला खड्डा इथेच आहे. फोटोशॉपमध्ये असते ओपॅसिटी, कोरलड्रॉमध्ये ट्रान्सपरन्सी, आणि दोन्ही आकडे एकमेकांच्या उलटे. 'साहेब 90 ठेव' असं तुम्ही रुबाबात सांगितलंत आणि पोरानं ते कोरलमध्ये टाकलं, तर नाक्यावर 10 टक्के साहेब लागतील. त्यामुळे आकडा सांगण्याआधी पडद्यावर कुठलं सॉफ्टवेअर उघडलंय ते बघा.

आता वाटप. महापुरुषांचे फोटो 100, तिथे डोकं चालवू नका. साहेब 100. मागचा अजिंक्यतारा 25. फोटोशॉपमध्ये त्याचा लेअर, म्हणजे चित्राचा सुटा थर, निवडून, मूव्ह टूल हातात असताना 2 आणि 5 झटपट दाबलं की काम झालं. किल्ला 40च्या वर गेला की तटबंदी साहेबांच्या नावातून उगवते. पक्षात परवाच आलेले नेते 60. पक्ष सोडण्याच्या वाटेवर असलेले 35: गेले तर 'आम्ही आधीच फिके केले होते' म्हणता येतं, राहिले तर 'छपाई फिकी आली'. जे गेलेच, त्यांचा लेअर डिलीट करू नका. लेअरशेजारचं डोळ्याचं चिन्ह तेवढं बंद करा, म्हणजे तो नुसता दिसेनासा होतो, आणि मूळ पीएसडी फाइल निकाल लागेपर्यंत जपून ठेवा. माणसं परत येतात. कापून काढलेले केस पुन्हा मास्क करायला, म्हणजे मागच्या चित्रापासून सोडवायला, अर्धा तास जातो.

गटाचं गणित नीट समजून घ्या. फोटोशॉपमध्ये लेअरचा गट करता येतो, आणि गटाची ओपॅसिटी उतरवली की आतले सगळे त्या प्रमाणात उतरतात. 80 टक्क्यांचा कार्यकर्ता 50 टक्क्यांच्या गटात बसला की 40चा होतो. तो स्वतःचा आकडा कितीही वाढवून बघो, 50च्या वर जात नाही. फोटोशॉपला हे इतकं अचूक कसं कळलं, देव जाणे.

50 टक्क्यांचे दोन थर एकावर एक ठेवले की 100 होतात, हाही गैरसमज. 75 होतात. तिसऱ्यानं 87.5. अर्धवट निष्ठेचे कितीही थर चढवा, शंभर भरत नाहीत. ओपॅसिटीखालीच 'फिल' नावाची दुसरी पट्टी असते. ती शून्यावर नेली की माणूस गायब होतो, पण त्याला दिलेली चमकती कडा आणि सावली तशीच राहते. निवृत्त मार्गदर्शकांसाठी यापेक्षा योग्य सोय नाही.

शुभेच्छुकांचे फोटो पीएनजी मागा. जेपीजीत पारदर्शकता साठवलीच जात नाही, त्यामुळे डोक्यामागे पांढरा चौकोन येतो आणि माणूस ओळखपत्रासारखा दिसतो. नावांखाली 70 टक्क्यांची पांढरी पट्टी टाका, नाहीतर नावं किल्ल्याच्या झाडीत हरवतात आणि रात्री अकराला फोन येतात.

परवानगीचा क्रमांक आणि मुदत फलकावर छापायची असते. ती 4 टक्क्यांवर छापा; छापली नाही, असं कोणी म्हणणार नाही. बेकायदा फलकांवर उच्च न्यायालयात गेलेली सुस्वराज्य फाउंडेशन ही संस्था साताऱ्याचीच. तिच्या जनहित याचिकेवर 31 जानेवारी 2017 रोजी मुंबई उच्च न्यायालयानं सविस्तर निकाल दिला. गावचा असा लौकिक असताना आपण मागे राहून कसं चालेल? 1995चा मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधाचा कायदा तर त्याहून जुना, म्हणजे एव्हाना फिकाच पडला असणार.

फिकं पडण्यावरून आठवलं. उन्हात किरमिजी आणि पिवळी शाई आधी उडते, निळी मागे राहते. दोन महिन्यांत साहेब निळे पडतात. वाढदिवसाचा फ्लेक्स दिवाळीपर्यंत ठेवण्याचा मोह होईल तेव्हा हे लक्षात असू द्या.

शेवटचं, कापडाचं. साधा फ्रंटलिट फ्लेक्स प्रकाश थोडा आरपार सोडतो. ब्लॅकआउट फ्लेक्समध्ये मध्ये काळा थर असतो, म्हणून तो पाठपोट छापता येतो. पण महाग पडतो म्हणून तुम्ही घेणार नाही. शिवाय उतरवायची मजुरी वाचवायला गेल्या वर्षीच्या फ्लेक्सवरच नवा ठोकणार. ठोका. फक्त फोटो काढायला साहेबांना सकाळी सातला नेऊ नका. त्या वेळी ऊन फलकाच्या पाठीमागून आलं, तर नव्या साहेबांच्या कपाळातून जुने साहेब हात जोडून हसत असतात.