भाचीच्या त्या काळपट फोटोबद्दल: काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत त्याबद्दल आधी मनापासून आभार. नुसतं "नाही आवडला" म्हणून पुढे गेला असतात तर मला काहीच कळलं नसतं. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो: मी भाचीचा जो ब्लॅक अँड व्हाइट क्लोजअप टाकला होता, त्यावर काकांचं म्हणणं असं की इफेक्ट (कॉन्ट्रास्ट आणि काळोख वाढवून चेहऱ्यावरची प्रत्येक रेष उठवणारा) इतका चढवलाय की सहा वर्षांची पोरगी म्हातारी दिसते, गालाला काजळी फासल्यासारखी वाटते, ही फोटोग्राफी नाही, सॉफ्टवेअरची करामत आहे, आणि त्यापेक्षा स्किन थोडी सॉफ्ट करून पडलेले पुढचे दोन दात भरून घेतले असते तर फ्रेम करण्यासारखा गोड फोटो झाला असता. शिवाय मोठी झाल्यावर तिला हे बघून काय वाटेल, हाही प्रश्न विचारलाय.

आधी काजळीचं बोलू. तुमचं निरीक्षण अचूक आहे, ती तिथे आहेच, आणि का आहे तेही सांगतो. लहान मुलांचे गाल, नाकाचा शेंडा, कान हे मोठ्यांपेक्षा जास्त लालसर असतात, आणि ब्लॅक अँड व्हाइट करताना लाल आणि नारिंगीचे स्लायडर (तो रंग किती उजळ दिसावा हे ठरवणाऱ्या पट्ट्या) खाली ओढले की नेमका तोच भाग काळा पडतो. त्यात क्लॅरिटी वाढवली की मिडटोनमधला, म्हणजे ना फार उजळ ना फार गडद अशा भागातला, कॉन्ट्रास्ट वाढतो, म्हणजे सावलीची कड आणखी गडद होते, आणि डोळ्यांखालची कातडी मुलांची इतकी पातळ असते की तिथली निळसर झाक एकदम उठून दिसायला लागते आणि चेहरा थकलेला, वयस्कर वाटतो. म्हणून हा इफेक्ट एका क्लिकवर प्रीसेटसारखा (आधीच ठरवलेल्या सेटिंगसारखा) मुलांवर टाकू नये असं माझंही स्पष्ट मत आहे. ज्या पोलिश फोटोग्राफरच्या नावाने ही शैली ओळखली जाते, आंद्झेय द्रागान (तो फिजिसिस्टही आहे), त्याचं बघून लोकांनी हे जास्त करून सुरकुतलेल्या चेहऱ्यांवर केलं, कारण तिथे पकडायला रेषा असतात. मुलांच्या चेहऱ्यावर रेषा नसतात, मग स्लायडर मिळेल ते उचलतो, गालावरची बारीक लव, ओठाच्या कोपऱ्यात वाळलेलं दूध, सगळं.

त्यामुळे मी सगळ्या चेहऱ्यावर सारखा जोर दिलेला नाही. केस, स्वेटरची वीण आणि मागची भिंत यांच्यावर क्लॅरिटी भरपूर आहे, चेहऱ्यावर मास्क लावून (म्हणजे तेवढाच भाग वेगळा निवडून) निम्म्यावर आणलीय, डोळ्यांखाली ब्रशने आणखी कमी केलीय. बुबुळं तर अजिबात उजळवली नाहीत, त्यात खिडकीचा जो चौकोन दिसतोय तो जसा पडला तसा आहे. डाव्या गालाचा काळोख मात्र मुद्दाम ठेवलाय. ती त्या वेळी चिडलेली होती काका, आणि कॅमेऱ्याकडे सरळ रोखून बघत होती, एका बाजूने खिडकीचा उजेड, दुसरीकडे काहीच नाही. तिचा राग तेव्हा खरा होता, मोठ्या माणसाचा असतो तेवढाच खरा. मुलं म्हणजे चोवीस तास गोडच असं आपण मोठ्यांनी ठरवून टाकलंय, आणि मग रडवेला, रागावलेला, विचारात पडलेला चेहरा दिसला की "मूड नाहीये, हसव तिला" म्हणतो नाहीतर तो फोटो डिलीट करतो. मला तो राग ठेवायचा होता आणि नुसत्या रंगीत फोटोत तो गुलाबी स्वेटर आधी दिसत होता.

आता तुमच्या सूचनेकडे येतो, कारण खरा मतभेद तिथेच आहे. स्किन सॉफ्ट करा आणि दात भरून घ्या, हे तुम्हाला हलकं एडिटिंग वाटतं आणि माझं ते भारी. मला अगदी उलटं वाटतं. माझा इफेक्ट लांबून ओरडून सांगतो की इथे कोणीतरी हात फिरवलाय, तो बघून कोणी असं समजणार नाही की मुलगी अशीच दिसते. पण सफाईने भरलेले दात कोणाला कळणारही नाहीत, दहा वर्षांनी तो फोटो पुरावा म्हणून बघितला जाईल, आणि सहाव्या वर्षी आपले दात पडले होते ही गोष्टच त्यातून पुसलेली असेल. कपाळावरचा तो खरचटल्याचा व्रणही तसाच. आणि मुलगी आता एवढी मोठी आहे की दोन्ही फोटो शेजारी ठेवले तर तिला फरक कळतो. आपला चेहरा आहे तसा चालत नाही, दुरुस्त करावा लागतो, हे तिला इतक्या लवकर का शिकवायचं? याबाबतीत मी हट्टी आहे आणि राहणार.

ही भीती काही माझ्या एकट्याची नाही. नॉर्वेत २०२२ पासून जाहिरातीत माणसाचा आकार किंवा त्वचा बदलली असेल तर तसं लेबल लावायचा कायदा आहे, फ्रान्समध्ये मॉडेलच्या शरीराचा आकार बदलला तर २०१७ पासून तसं लिहावं लागतं. गूगलनेही २०२० मध्ये पिक्सेल फोनच्या सेल्फीतलं फेस रिटचिंग डीफॉल्टने बंद ठेवायला सुरुवात केली. कोणालाही डार्क इफेक्टची काळजी नाही, काळजी आहे ती न दिसणाऱ्या सफाईची.

"ही फोटोग्राफी नाही" हे तुमच्याकडून ऐकून मात्र खरंच वाईट वाटलं, कारण तुम्ही स्वतः डार्करूममध्ये वर्षं घालवलीत असं लिहिलंय. डॉज आणि बर्न (प्रिंटचा एखादा भाग उजळ किंवा गडद करणं) हे तुमच्या एन्लार्जरखालचेच, म्हणजे निगेटिव्हवरून मोठी प्रिंट काढायच्या यंत्राखालचेच, शब्द आहेत, आम्ही ते माउसने करतो एवढंच. स्टुडिओवाले निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलने सुरकुत्या घालवायचे ते तर तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. इंग्रज फोटोग्राफर हेन्री पीच रॉबिन्सनने १८५८ मध्ये पाच निगेटिव्ह जोडून मरणाला टेकलेल्या मुलीचं दृश्य तयार केलं आणि तेव्हाही लोक अस्वस्थ झाले होते. फोनचं म्हणाल तर तो बटण दाबताक्षणी अनेक फ्रेम एकत्र करतो, नॉइज (फोटोतले दाणे) घालवताना त्वचाही गुळगुळीत करतो, मग तुमच्या हातात जो "एडिट न केलेला" फोटो येतो तो कोणीतरी आधीच एडिट केलेला असतो. आणि माझी रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेली मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल) जशीच्या तशी शाबूत आहे, तिच्यावरचा प्रत्येक बदल उलटा फिरवता येतो.

तिला मोठेपणी काय वाटेल, हा तुमचा प्रश्न मात्र मला सगळ्यात मोलाचा वाटला. २००६ मध्ये अमेरिकेत फोटोग्राफर जिल ग्रीनबर्गने काढलेल्या लहान मुलांच्या पोर्ट्रेट्सवरून मोठा वाद झाला होता, ते फोटोही कॉम्प्युटरवर भरपूर घासूनपुसून चकचकीत केलेले होते, पण लोक भडकले ते एडिटिंगवर नाही, मुलांना लॉलीपॉप देऊन तो काढून घेतला आणि रडवलं यावर. मला ते भडकणं पटतं. फोटोसाठी मुलाला चिडवायचं नाही, रडवायचं नाही, ही माझी पहिली अट, भाची त्या दिवशी चिडली होती ती तिचा खेळ अर्धवट थांबवून जेवायला बोलावलं म्हणून, कॅमेऱ्यामुळे नाही. दुसरी अट म्हणजे आईबाबांची परवानगी घ्यायची आणि मग मुलालाही दाखवायचं. मी तिला रंगीत आणि काळा दोन्ही दाखवले. काळ्यावर बोट ठेवून म्हणाली, "यात मी डेंजर दिसते, हा टाक." नको म्हणाली असती तर टाकला नसता, आणि पुढे कधीही काढ म्हणाली तर त्याच दिवशी काढेन. शाळेचं नाव, पत्ता, फोटोतली लोकेशनची माहिती यातलं काहीही सोबत जाऊ देत नाही.

शेवटी तुम्ही विचारलंय की प्रिंट याचाच काढणार का. दोन्ही काढतोय. आजीला तो गुलाबी स्वेटरवाला रंगीत, दात नसलेला, काहीही न भरलेला. काळा माझ्या भिंतीसाठी, मॅट पेपरवर. मॅटवर गडद भागातला तपशील आणखी दबतो आणि डावा गाल पूर्ण बुडेल म्हणून शॅडो थोडी वर उचलून आधी एक छोटी टेस्ट स्ट्रिप (चाचणीपुरता छापलेला तुकडा) काढणार आहे. यात तुमचा हात माझ्यापेक्षा जास्त बसलेला आहे, तेव्हा टेस्टचा फोटो टाकला की गालातला तपशील किती ठेवावा ते नक्की सांगा.