शेकर भगिनीची खोली बिनरंगी नव्हती

"शेकर भगिनीकडे स्वतःचं काहीच नसे. पांढरी रिकामी खोली, यंत्रांना बंदी, आयुष्यभर मुकाट कष्ट. आता तो पंथही संपला." कमी वस्तूंत जगण्याचा आदर्श म्हणून हा मजकूर सध्या खूप फिरतोय. शेकर हा अमेरिकेतला एक ख्रिस्ती पंथ; त्यातले स्त्री-पुरुष ब्रह्मचर्य पाळून सामाईक वस्त्यांत राहत, आणि स्त्रियांना भगिनी म्हणत. या स्त्रियांबद्दल मला मनापासून आदर आहे, आणि या वर्णनात त्या मला सापडत नाहीत.

"काहीच नसे" हे अर्धंच खरं. मालमत्ता सगळ्यांची मिळून असे. तसा करार करूनच माणूस आत येई, आणि सोडून गेला तर केलेल्या कामाची मजुरी मागता येत नसे. पण रोजच्या वापराच्या वस्तू ज्याच्या त्याच्याकडे असत. कपड्यांवर फुलीच्या टाक्याने नावाची आद्याक्षरं घातलेली असत, म्हणजे सामाईक धुलाईतूनही ते नेमके परत येत.

खोलीबद्दल तर पंथाची १८४५ची नियमावलीच बोलते. पलंग हिरवा रंगवावा. आरसा असावा, पण १८ बाय १२ इंचांहून मोठा नको. झुलती खुर्ची खोलीत एक पुरे. म्हाताऱ्या माणसांच्या खोलीत मात्र जास्त चालतील. (ही सवलत वाचून मला फार बरं वाटलं.) भिंतीवर चित्रं लावायला मनाई होती, तरी हॅनकॉक इथल्या शेकर वस्तीतल्या हॅना कोहून यांनी १८५४ साली जीवनवृक्षाचं चित्र रंगवलंच. फर्निचरही पिवळं, लाल, निळं असे. पुढे अनेक वस्तूंचा मूळ रंग खरवडून काढला गेला आणि आपण उघडं लाकूड पाहून त्यालाच साधेपणा म्हणू लागलो.

यंत्रांना बंदी? न्यू हॅम्पशायरमधल्या कँटरबरीच्या शेकरांनी १८५८ साली कपडे धुण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि ती यंत्रं हॉटेलांना विकली. १९१०मध्ये तिथे वीजही आली.

मुकाट कष्ट हा शब्दप्रयोग मला सर्वांत खटकतो. कष्ट होते, पण स्वयंपाक आणि धुणं पाळीपाळीने होई. लुसी राइट यांनी १७९६ ते १८२१ हा सगळा पंथ चालवला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुरुष कमी झाले, तेव्हा वस्त्यांना मोठा आधार भगिनींच्या हातकामाचा होता: पॉप्लर झाडाच्या लाकडाच्या पातळ पट्ट्या विणून केलेल्या पेट्या, कँटरबरीच्या डोरोथी डर्गिन यांच्या नावाने ओळखला जाणारा लोकरी झगा.

आणि पंथ संपलेला नाही. सिस्टर फ्रान्सिस कार २०१७मध्ये ८९व्या वर्षी गेल्या. मेन राज्यातल्या सॅबथडे लेकची त्यांची वस्ती त्यांच्यामागेही चालू राहिली.