तेराव्या वर्षाचं बिल

वरळीच्या बीडीडी चाळीच्या पुनर्विकासातली पहिली 556 घरं ऑगस्ट 2025 मध्ये रहिवाशांना मिळाली, त्यातली एक किल्ली मामीची. 160 फुटांच्या खोलीतून 500 फुटांचं घर, फुकट आणि मालकीचं. इकडे घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भांडण जुंपलं. चाळ सोडून तीस वर्षं झालेला पुण्याचा भाऊ लिहितो, 'चाळसंस्कृती संपली.' मामीचं उत्तर: "ये, आठ दिवस सकाळी संडासच्या रांगेत उभा राहा, मग सांग."

मी गप्प बसलो. मँचेस्टरला बसून मीही गॅलरीच्या आठवणीने गहिवरलो होतोच की.

पण मी राहतो त्या ह्यूम भागाची गोष्ट मामीला सांगावीशी वाटते. इथे कामगारांच्या जुन्या घरांच्या रांगाच्या रांगा पाडून महापालिकेने नवी वसाहत उभारली. 1972 मध्ये चंद्रकोरीसारख्या वळलेल्या चार प्रचंड इमारती झाल्या, मजल्यामजल्यावर लांबलचक गॅलऱ्या. कौतुक फार झालं. पुढच्याच वर्षी तेलाचे भाव भडकले आणि घर गरम ठेवायचं बिल भाडेकरूंना झेपेना. हीटिंग बंद, भिंतींना ओल, मग झुरळं. पोराबाळांची कुटुंबं काही वर्षांतच बाहेर पडली. 1990च्या दशकात सगळं पाडलं. आमच्या कळकट बीडीडीने मात्र शंभरी गाठली!

ह्यूमचे लोक भाडेकरू होते. इमारत फसली तेव्हा नुकसान महापालिकेचं झालं. मामी मालकीण आहे. चाळीस मजल्यांच्या लिफ्ट, पंप, आगीची यंत्रणा यांचा खर्च पहिली बारा वर्षं रहिवाशांच्या माथी नाही, हे चांगलंच. तेराव्या वर्षी तो सोसायटीवर येणार, आणि सोसायटी म्हणजे निवृत्त हवालदार, शिपाई, घरकामाला जाणाऱ्या बायका. तिथेच बाजारात विकण्यासाठी उभ्या राहणाऱ्या टॉवरांतून येणाऱ्या पैशातला वाटा या इमारतींच्या कायमच्या देखभाल निधीत टाका, ही मागणी आत्ताच लावून धरायला हवी. घरांचं वाटप एकदा आटोपलं की कोण ऐकतंय? 'संस्कृती गेली'वर शंभर मेसेज पडले, यावर एकही नाही.

शेवटी मामीलाच फोन केला. सगळं ऐकून म्हणाली, "तेराव्या वर्षी मी ऐंशीची असेन रे. सोसायटीच्या मीटिंगला विचारते. पण आधी सांग, हॉलला पडदे कुठल्या रंगाचे लावू?"